काचबेडकाचे यकृत

काचबेडूक आम्ही प्रत्यक्ष पाहिलेला नाही, आणि पुढे पाहण्याचा योग येईल असेही वाटत नाही. तो राहतो अमेरिका खंडाच्या उष्ण कटिबंधातल्या ओल्या जंगलांत, ओढ्याकाठच्या पानांवर. आणि आम्ही दोघे राहतो एका जिल्ह्याच्या गावी, जिथे मराठी विभागाच्या खिडकीतून सायकल स्टँडची पत्र्याची शेड तेवढी दिसते. तरीही गेली काही वर्षे या बेडकाने आमच्या बोलण्यात ठाण मांडले आहे. सहकारी थट्टा करतात. वास्तविक मराठीच्या प्राध्यापकांनी बेडकाविषयी लिहिण्यात अनौचित्य नाही. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात एक संपूर्ण सूक्त बेडकांवर आहे, आणि पहिल्या पावसानंतर एकमेकांना ओ देणाऱ्या बेडकांची तुलना तिथे गुरूमागून पाठ म्हणणाऱ्या शिष्यांशी केली आहे. पुढे आपण बेडकाला विहिरीत ढकलले आणि संकुचित वृत्तीला त्याचे नाव दिले, ही गोष्ट वेगळी. असो. आम्हाला लिहायचे आहे ते दूरदेशीच्या एका बेडकाविषयी, आणि त्याच्या निमित्ताने आमच्या हातून घडलेल्या एका चुकीविषयी.

काचबेडूक हे एका जातीचे नाव नसून सेंट्रोलेनिडी या कुळाचे लौकिक नाव आहे. या कुळात दीडशेहून अधिक जाती आहेत. दक्षिण मेक्सिकोपासून मध्य अमेरिकेमार्गे अँडीजच्या उतारांवरून बोलिव्हियापर्यंत त्यांचा विस्तार आहे. काही जाती अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात, काही दूर आग्नेय ब्राझील आणि ईशान्य अर्जेंटिनात, तर एक टोबॅगो बेटावरही सापडते. आमची ओळख झाली ती ‘हायालिनोबॅट्रॅकियम फ्लाइशमानी’ या जातीशी. ऑस्कर बॉट्गर या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने १८९३ मध्ये कोस्टा रिकातल्या नमुन्यावरून तिचे वर्णन केले. मध्य अमेरिकेपासून इक्वेडोरपर्यंत ती आढळते. नाव जिभेला जड असले तरी त्याची फोड सोपी आहे : ग्रीक भाषेत ‘हायालोस’ म्हणजे काच आणि ‘बात्राखोस’ म्हणजे बेडूक. रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा हा जीव. पाठ लिंबाच्या कोवळ्या पानासारखी पोपटी, तिच्यावर फिकट पिवळे ठिपके. डोळे सोनेरी झाकेचे आणि समोर पाहणारे, त्यामुळे मुद्रा काहीशी माणसासारखी. खरे नवल पोटाखाली आहे. तिथल्या त्वचेत रंगच नाही. बेडूक काचेच्या तावदानावर बसलेला असताना खालून पाहिले, तर आतली इंद्रिये मांडून ठेवल्यासारखी दिसतात. काही जातींत हृदयावर पांढरे चकचकीत आवरण असते. काहींत तेही नसते, आणि मग लाल ठिपक्याएवढे हृदय धडधडताना स्पष्ट दिसते.

नावात थोडी अतिशयोक्ती आहे, हे आधीच सांगितले पाहिजे. काचबेडूक काचेइतका आरपार नसतो; पाठ हिरवीच असते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जेम्स बार्नेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या अर्ध्यामुर्ध्या पारदर्शकतेचा उपयोग काय, हे तपासले. त्यांना दिसले ते असे : बेडकाचे पाय धडापेक्षा अधिक पारदर्शक असतात, आणि झोपताना तो पाय अंगालगत दुमडून घेतो. त्यामुळे पान आणि बेडूक यांच्यामधली सीमारेषा एकदम तुटत नाही, पायरीपायरीने विरत जाते. भक्षकाची नजर प्राण्याला ओळखते ती त्याच्या कडेवरून. आणि इथे कडच धूसर झालेली असते. पारदर्शकता म्हणजे आतले सारे दाखवणे, ही आपली समजूत. या बेडकाच्या बाबतीत ती स्वतःला दिसू न देण्याची रीत आहे. हे वाचताना आम्ही दोघेही थांबलो, कारण ‘पारदर्शक’ हा शब्द आम्ही वर्षानुवर्षे अगदी वेगळ्या अर्थाने वापरत आलो होतो.

तृतीय वर्षाच्या वर्गाला आम्ही ललित गद्य शिकवतो. २०१७ सालची गोष्ट. आत्मपर लेखनाचा गृहपाठ म्हणून एका विद्यार्थिनीने ‘डबा’ नावाचा निबंध लिहून आणला. रोज सकाळी आई वडिलांचा डबा कसा भरते, भाकरी कशा घडी घालून बसवते, ठेचा कोणत्या वाटीत देते, वडील आठच्या सुमाराला डबा घेऊन कसे निघतात आणि संध्याकाळी तो धुतलेला, कोरडा डबा ओट्यावर कसा पालथा ठेवला जातो, एवढेच त्यात होते. वडील कुठे जातात हे लिहिलेले नव्हते. आई डबा भरताना बोलत का नाही, हेही नव्हते. निबंध आम्हाला आवडला. पण त्यात काहीतरी अडवून धरलेले आहे असे वाटले. आमच्यापैकी एकाने लाल शाईने समासात लिहिले : ‘अधिक पारदर्शक हवे. लेखिका काही लपवते आहे.’ दुसऱ्याने खाली सही करून दुजोरा दिला.

तिने निबंध पुन्हा लिहिला. वडिलांची कारखान्यातली नोकरी चार वर्षांपूर्वीच गेली होती. गल्लीत आणि नातेवाइकांत कळू नये म्हणून ते रोज डबा घेऊन बाहेर पडत. दुपारी एस.टी. स्टँडच्या बाकावर बसून जेवत आणि उरलेला वेळ सार्वजनिक वाचनालयात काढत. घरातल्या कोणीही हे कधी उच्चारले नव्हते. सगळ्यांना ठाऊक होते, आणि सगळ्यांनी मिळून ते सांभाळले होते. आम्ही तो निबंध वाचून भारावलो. वर्गात वाचून दाखवला. वार्षिक अंकात छापला. स्नेहसंमेलनात तिच्याकडून वाचूनही घेतला, टाळ्या पडल्या. अंक घरोघरी गेले आणि त्यातला एक तिच्या गल्लीतही पोहोचला.

पंधरा दिवसांनी ती विभागात आली. रडली नाही, तक्रार केली नाही. म्हणाली, “सर, मॅडम, बाबा आता डबा नेत नाहीत. घरातच असतात. भिंतीकडे तोंड करून पडून राहतात.” आम्ही काहीतरी बोललो. सत्य कधी ना कधी बाहेर यावेच लागते, लेखनाने मन मोकळे होते, अशा धर्तीचे. तिने ऐकून घेतले आणि ती गेली. परीक्षा तिने दिली, पण एम.ए.ला प्रवेश घेतला नाही. तिने लिहिलेली एकही ओळ त्यानंतर आमच्या वाचनात आलेली नाही.

पुढे डिसेंबर २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात कार्लोस ताबोआदा, जेसी डेलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध आला आणि त्याची हकिकत सगळीकडे छापून आली. आमच्यापैकी एकाने ती विभागात मोठ्याने वाचली. काचबेडूक निशाचर आहे. दिवसा तो पानाला चिकटून झोपतो आणि सर्वाधिक धोका त्याला तेव्हाच असतो. झोपलेल्या बेडकाचे चित्रण करताना डेलिया यांना एक चमत्कारिक गोष्ट दिसली : त्याच्या अंगात रक्ताचा लाल रंगच दिसेना. त्वचा आणि स्नायू कितीही नितळ असले, तरी पाठीच्या कण्यापासून पायाच्या बोटांपर्यंत फिरणाऱ्या रक्ताचे काय करायचे, हा पारदर्शक प्राण्यापुढचा मोठाच प्रश्न आहे. तांबड्या पेशी हिरवा प्रकाश शोषून घेतात, आणि हिरव्या पानावर झोपणाऱ्याला नेमका तोच प्रकाश आरपार जाऊ द्यायचा असतो.

संशोधकांनी यासाठी एक सुंदर पद्धत वापरली. पेशींवर प्रकाशाचे झोत सोडायचे. तांबड्या पेशी तो प्रकाश शोषतात तेव्हा अतिसूक्ष्म ध्वनिलहरी उमटतात. त्या टिपून रक्त कुठे आहे याचा नकाशा काढायचा. म्हणजे रक्त पाहायचे नाही, ऐकायचे. त्यातून कळले की झोपी जाताना हा बेडूक आपल्या सुमारे ८९ टक्के तांबड्या पेशी रक्तप्रवाहातून काढून यकृतात साठवतो. यकृत फुगते, आणि त्याच्यावर असलेले स्फटिकांचे आरशासारखे आवरण आतला लाल रंग बाहेर दिसू देत नाही. शरीराची पारदर्शकता यामुळे दोन ते तीन पटींनी वाढते. बेडूक जागा होऊन हालचाल करू लागला की पेशी पुन्हा प्रवाहात सोडल्या जातात. इतक्या पेशी एका ठिकाणी दाटूनही रक्त गोठत नाही. माणसाच्या रक्ताच्या गुठळ्यांवर काम करणाऱ्यांचे कुतूहल यामुळेच जागे झाले.

त्या हकिकतीतला आणखी एक तपशील आमच्या मनात रुतून बसला. हा बेडूक निर्धास्त झोपेतच असा नितळ होतो. तो जागा असला, घाबरलेला असला, त्याला गुंगीचे औषध दिलेले असले, तर रक्त अंगभर फिरत असते आणि नितळपणा ओसरतो. मद्यार्काच्या बरणीत ठेवलेला नमुना तर रंग उडून पांढुरका होतो. म्हणजे ही पारदर्शकता पाहायची, तर तिला धक्का न लावता, झोपमोड न करता पाहावी लागते. वाचणारा इथे थांबला. ऐकणारा म्हणाला, “आपण डबा उघडायला लावला.” त्यानंतर त्या तासाला आम्ही दोघांनीही वर्ग घेतला नाही.

पारदर्शकतेची ही ओढ आमच्याकडे आली कुठून, याचा शोध आम्ही नंतर घेतला. काही भाग परंपरेतून आला. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त प्रसाद हा गुण समजावताना कोरड्या सरपणात पेट घेणाऱ्या अग्नीची आणि स्वच्छ पाण्याची उपमा दिली आहे. जो चित्ताला तात्काळ व्यापतो, तो प्रसाद. पण मम्मट बोलतो आहे ते अर्थाच्या प्रतीतीविषयी. कवीने स्वतःचे अंतरंग किती उघडे करावे, याविषयी तो काहीच म्हणत नाही. अर्थाच्या स्वच्छतेवरून लेखकाच्या उघडेपणावर केलेली उडी आमची होती, आणि ती आम्ही वर्गात इतक्या सहजपणे घेत होतो की ती उडी आहे हेच विसरलो होतो.

दुसरा भाग मराठी आत्मचरित्रांच्या अध्यापनातून आला. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’विषयी बोलताना ‘निर्व्याज’, ‘नितळ’, ‘पारदर्शी’ ही विशेषणे आमच्या तोंडून आपोआप बाहेर पडत. आता पुन्हा वाचताना जाणवते, की त्या विनोदी, गप्पिष्ट निवेदनात दुःखाचे कितीतरी प्रसंग एका वाक्यात आटोपलेले आहेत. बाई ते लपवत नाहीत, पण ते अंगभर फिरूही देत नाहीत. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये आले. मराठीतल्या दलित आत्मकथनांची वाट उघडणारे हे पुस्तक. मराठी वाचकाने तोवर न पाहिलेले जग त्याने समोर ठेवले. पण त्याची रचना पाहावी. तिथे दगडू मारुती पवार सांगतो आणि दया पवार ऐकतो. एकाच माणसाने स्वतःचे दोन भाग केले आहेत. आम्ही हे ‘निवेदनतंत्र’ या शीर्षकाखाली पाच गुणांसाठी शिकवत आलो. ते तंत्र लेखकाला जिवंत ठेवत असेल, इतके दाहक काही सांगताना त्याला एक यकृत लागत असेल, ही शंका आम्हाला एका बेडकाने दाखवून दिली.

त्यानंतर आम्ही या बेडकाच्या संसाराविषयीही वाचत गेलो. पावसाळा लागला की नर ओढ्यावर झुकलेले एखादे पान निवडतो आणि त्याच्या खालच्या बाजूला बसून बारीक शीळ घालतो. मादी येते, पानाच्या त्याच खालच्या बाजूला वीस-तीस अंडी एका थरात चिकटवते आणि निघून जाते. राखण नराकडे. तो रात्री येऊन अंड्यांवर पोट टेकून बसतो आणि आपल्या अंगचा ओलावा त्यांना देतो. एकाच वेळी तो अनेक माद्यांचे पुंजके सांभाळतो. पाऊस भरपूर असला तर कमी बसतो, हवा कोरडी पडली तर अधिक. याच्या नात्यातल्या ‘व्हॅलेरिओई’ जातीचा नर तर दिवसाही अंड्यांजवळच असतो आणि त्याच्या पाठीवरची नक्षी अंड्यांच्या पुंजक्यासारखीच दिसते. पाण्यावरच्या पानाला अंडी सोपवण्याची युक्ती आपल्याकडेही आहे. आंबोलीला पावसाळ्यात मलबारी उडत्या बेडकाची फेसाची घरटी डबक्यांवरच्या फांद्यांना लटकलेली आम्ही पाहिली आहेत. पिल्ले फेसातून सुटून खाली पाण्यात पडतात. फरक असा की तिथे ओलावा फेस राखतो, इथे बाप राखतो.

बाप राखत नसेल तर काय होते, हे डेलिया आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये फ्लाइशमानी जातीवरच दाखवले. नर दूर केला की अंडी कोरडी पडू लागतात, आणि मग आतले गर्भ पुरते वाढण्याआधीच घाईने बाहेर पडतात. बाप जवळ असला, ओल टिकून असली, तर तेच गर्भ अंड्यात अधिक दिवस राहतात आणि अधिक तयार होऊन पाण्यात उतरतात. केव्हा बाहेर पडायचे हे गर्भ ठरवतो. पण त्याचा निर्णय बाहेर ओल किती उरली आहे यावर असतो. मादीविषयीचा समजही पुढे अर्धाच खरा ठरला. या कुळातल्या अनेक जातींत ती अंडी घालून लगेच जात नाही, पहिल्या रात्री काही तास त्यांच्यावर बसून त्यांना भिजवते, असे २०१७ च्या अभ्यासात दिसून आले. ही सोबत इतकी अल्पकाळ आणि रात्रीच्या अंधारात घडत होती, की पाहणाऱ्यांच्या नोंदीत ती आलीच नव्हती.

पिल्लू पाण्यात पडते, आणि थेट तळाच्या कुजक्या पालापाचोळ्यात, वाळूगोट्यांत शिरते. तिथे प्राणवायू थोडा. या पिल्लाच्या त्वचेतही रंग नसतो, त्यामुळे आतले रक्त दिसते आणि पिल्लू लालभडक दिसते. चिखलात, जिथे कोणी पाहत नाही, तिथे हा जीव आपले सगळे रक्त अंगावर घेऊन जगतो. आणि उजेडात पानावर आला की तेच रक्त तो दिवसापुरते आत ठेवायला शिकतो. लेखनाचीही अशी दोन ठिकाणे असावीत. एक खर्ड्याचे आणि एक छापील पानाचे. आम्ही मधला ओढा ध्यानात घेतला नाही. पानावर बसून ओल राखण्याचे काम आमचे होते. आम्ही ओल काढून घेतली, आणि गर्भ वेळेआधी बाहेर आला तेव्हा टाळ्या वाजवल्या.

एक गोष्ट आणखी नोंदवायला हवी. पोटातून हृदय दिसते या नवलापायी काचबेडकांना शौकिनांकडून मागणी वाढली, आणि त्यांच्या व्यापारावर नियंत्रण आणावे लागले. नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामा येथे भरलेल्या साइट्स कराराच्या परिषदेत हे संपूर्ण कूळ दुसऱ्या परिशिष्टात घालण्यात आले. भक्षकाच्या नजरेतून सुटण्यासाठी कमावलेला गुण रसिकाच्या नजरेला खेचून घेणारा ठरला. आम्हीही रसिकच होतो, हे सांगताना आता बरे वाटत नाही.

बेडकाच्या शरीररचनेतून अध्यापनाचे नियम काढणे हास्यास्पद आहे, याची जाणीव आम्हाला आहे. बेडूक आपल्या जिवासाठी झोपतो. आमच्या बोधासाठी नव्हे. सत्य सांगणारे लेखन नको, झाकपाक बरी, असेही आम्ही म्हणत नाही. ज्यांच्यावर गप्प राहण्याची सक्ती झाली, त्यांनी बोललेच पाहिजे, आणि मराठीचे मोठे लेखन त्यांनीच केले आहे. परंतु केव्हा बोलायचे आणि किती, हे ज्याचे रक्त आहे त्याने ठरवायचे. समासात शेरा लिहिणाऱ्याने नव्हे. तो शेरा आम्ही त्यानंतर कोणाच्याही वहीवर लिहिलेला नाही. आत्मपर गृहपाठ आता वर्गात वाचला जात नाही, आणि छापायचा असेल तर आम्ही दोन प्रश्न विचारतो : यात आणखी कोण आहे? आणि त्यांना हे ठाऊक आहे का?

‘डबा’चा पहिला खर्डा अजून विभागाच्या कपाटात आहे. मागच्या उन्हाळ्यात कपाट आवरताना तो हाती आला आणि आम्ही दोघांनी पुन्हा वाचला. भाकरीची घडी, ठेच्याची वाटी, ओट्यावर पालथा ठेवलेला कोरडा डबा. कुठे जातात, हे शब्दही नाही. आता वाचताना त्यात काहीच कमी वाटले नाही. सगळे कळत होते, आणि तरी तो माणूस डबा घेऊन घराबाहेर पडू शकत होता. समासातला आमचा शेरा लाल शाईत तसाच आहे. तो खोडावा असे एकदा मनात आले होते. पण तो तसाच राहू दिला आहे.